पाठचा

गेल्या महिन्यात घरातल्या एका लग्नाला निघताना अंगणात एक गंमत बघितली. मामा नवा सदरा, कडक इस्त्रीची पँट आणि करकरणारे बूट घालून उंबऱ्याबाहेर आले आणि गाडीकडे जायचं सोडून मध्येच थांबले. पाठमोरे, हात बाजूला, मान सरळ. मागून त्यांचे एक सोबती आले. ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे, गडहिंग्लजकडचे. त्यांनी मामांची कॉलर बोटांनी चाचपली, सदऱ्याची पाठीवरची चुणी ओढून सरळ केली, पट्ट्यात अडकलेलं एक टोक मोकळं केलं आणि खांद्याखाली थाप मारून म्हणाले, "ओके." मग ते वळले. मामांनी त्यांची पाठ तितक्याच निगुतीनं बघितली. "ओके." दोघं गाडीत बसले. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

मांडवात नवरीकडच्या एका बाईंनी विचारलं, "हे पाहुणे कोण?"

मामा म्हणाले, "माझ्या पाठचा हाय."

बाई गोंधळल्या. मामांचे पाठचे भाऊ, म्हणजे माझे धाकटे मामा, पलीकडे वाढप्यांवर ओरडत उभे होते आणि त्यांचा आवाज साऱ्या मांडवाला ऐकू येत होता. हा आणखी कुठला पाठचा? मामांनी खुलासा केला नाही. त्यांच्या मते खुलासा करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मामा 1974 साली फौजेत भरती झाले आणि पुढं पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत गेले. या पलटणीच्या नावापुढं कंसात 'मराठा' असं लिहिलं जायचं. मुळातली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, 1797 पासूनची. इटलीत 10 जुलै 1944 रोजी मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेलेले आणि तिथंच पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, हे याच पलटणीचे. महायुद्ध संपल्यावर पलटण छत्रीवाली झाली आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब आणि कुमाऊँच्या पलटणींबरोबर तिच्यात सामील झाली. मामांना हे सगळं तोंडपाठ आहे, पण विचारलं तर सांगत नाहीत. "पुस्तकात हाय की," म्हणतात. त्यांना सांगायचं असतं ते विमानातल्या दोन-तीन मिनिटांचं. ते मात्र दर वेळी सांगतात, आणि दर वेळी उभं राहून सांगतात.

उडी मारणाऱ्यांची विमानात जी रांग होते तिला ते स्टिक म्हणतात. पाठीवर मोठी छत्री, पोटावर लहान राखीव छत्री, शिवाय सामानाचं ओझं. उठायचा हुकूम झाला की प्रत्येकानं आपल्या छत्रीचा लांब पट्टा, म्हणजे स्टॅटिक लाइन, डोक्यावरच्या तारेला अडकवायचा. दारातून बाहेर पडल्यावर हाच पट्टा ताणला जातो आणि छत्री उघडतो. उडी मारणाऱ्यानं काहीच ओढायचं नसतं. म्हणजे सगळी भिस्त पाठीवर. पट्टा घड्यांमधून नीट सुटेल ना, कुठं बगलेखालून तर गेला नाही ना, एखादी गाठ, एखादं बकल, जे काय चुकायचं ते पाठीवर चुकतं, आणि आपली पाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून मागचा पुढच्याची पाठ तपासतो. आधी नजरेनं, मग बोटांनी. मग शेवटच्या नंबरापासून आवाज निघतो. "अठरा ओके!" आणि पुढच्याच्या खांद्यावर थाप. "सतरा ओके!" आणि थाप. इंजिनाच्या घरघराटात तो ओके एकेका माणसातून सरकत दारापर्यंत पोचतो. मामा सहा नंबरचे. गडहिंग्लजचे ते गृहस्थ सात.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "मामा, शेवटच्याची पाठ कोण बघतं?"

"त्याच्या म्होरला वळून बघतो. न्हायतर उस्ताद बघतो. बिनबघितली पाठ दारात जात न्हाय."

माझा प्रश्न त्यांना आवडला होता. त्या दिवशी मला चार आणे मिळाले.

फौजी लोकांच्या दोस्तीबद्दल आपण बोलतो तेव्हा आपली भाषा एकदम चढते. जिवाला जीव देणारे, रक्ताचं नातं, खांद्याला खांदा. पंधरा ऑगस्टच्या भाषणात हे सगळं शोभून दिसतं. मामांकडे आणि त्यांच्या सोबत्यांकडे वर्षानुवर्षं बघताना मला यातलं फारसं काही दिसलं नाही. ते एकमेकांची स्तुती करत नाहीत. मिठ्या मारत नाहीत. चार-चार वर्षांनी भेटले तरी पहिलं वाक्य "जाडा झालास" असलं काहीतरी असतं. दिसते ती एकच गोष्ट, तपासणी. चष्म्याची काडी सैल आहे. मोटारसायकलच्या मागच्या टायरची नक्षी गेलीये. कागद जमा केलेस का? साखर किती आली? ज्याला आपण मैत्री म्हणतो ती समोरासमोर बसून होते, चहाच्या कपावरून, एकमेकांचा चेहरा बघत. ही मागून होते. एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे. लाडीगोडीला तिथं जागाच नसते, कारण हातातलं काम घाईचं असतं आणि चुकलं तर दुरुस्तीला वेळ नसतो.

आणि तो 'ओके'. आपण दिवसातून पन्नास वेळा ओके म्हणतो, टाळायचं असलं तरी म्हणतो, ऐकलं नसलं तरी म्हणतो. त्या रांगेत ओके म्हणजे सही. पुढच्याचं काही बिघडलं तर ते ज्यानं ओके म्हटलं त्याच्या खात्यावर. मामा अजूनही हा शब्द जपून वापरतात. मी काही विचारलं आणि त्यांना खात्री नसली की "बघू" म्हणतात. ओके म्हणत नाहीत.

मराठीला पाठीचं भलतंच वेड आहे. पाठबळ, पाठराखण, पाठिंबा. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जायची, नव्या घरात तिच्या बाजूनं एक तरी ओळखीचं माणूस असावं म्हणून. नंतर जन्मलेलं भावंड ते पाठचं. शाबासकी पाठीवर, धपाटा पाठीवर, आणि संबंध तोडायचे तर पाठ फिरवायची. मामांनी मांडवात 'पाठचा' म्हटलं तेव्हा त्यांनी कोटी केली नव्हती. त्यांच्या लेखी शब्दाचा अर्थ सरळ होता. जो माझ्या मागे उभा होता तो माझ्या पाठचा. आईच्या पोटातून मागून आलेला एक, विमानाच्या दारातून मागून आलेला दुसरा.

छत्री शिकायची शाळा आग्र्याला, वायुदलाची. जमिनीवरच आधी कितीतरी दिवस लोळायचं. पाय जुळलेले, गुडघे जुळलेले, कुशीवर पडायचं, कारण छत्री असली तरी जमिनीवर येताना दहा-बारा फुटी भिंतीवरून उडी टाकल्यासारखा दणका बसतो. मग मलपुऱ्याच्या मैदानावर खऱ्या उड्या. पाच पुऱ्या करायच्या, त्यातली एक रात्रीची, तेव्हा छातीवर पंख लागतात. मामा म्हणतात, पहिल्या उडीची भीती खोटी असते, माणूस डोळे मिटूनच जातो. खरी भीती दुसरीला, कारण आता माहीत असतं.

याच ठिकाणची एक गोष्ट मामांनी खूप उशिरा सांगितली, निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर, आणि तीही कुणी विचारलं नसताना. पहिल्या उडीला पाच नंबरचा पोरगा दारात अडला. हिरवा दिवा लागलेला, चार जण गेलेले, आणि यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. उस्तादानं त्याला बाजूला घेतलं आणि मामा गेले, सात गेला, बाकीचे गेले. संध्याकाळी बराकीत त्याची खाट रिकामी होती. परत पाठवला. कुठं गेला, पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही. छत्रीवाल्या पलटणीत सगळे स्वतःहून आलेले असतात, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याला शिक्षा वगैरे फारशी नसते, फक्त तो उरत नाही. इतक्या वर्षांच्या भेटीगाठींत, लग्नांत, बारशांत त्याचं नाव कधी निघालं नव्हतं.

"त्याची पाठ मीच बघितली हुती," मामा म्हणाले. "ओके हुती. पाठीत काय खोट न्हवती. छाती कुणी बघत न्हाय."

यावर मी काही बोलले नाही. पण मला या भाईचाऱ्याची शीव तिथं दिसली. जो दारातून गेला तो जन्मभराचा, आणि जो चौकट धरून राहिला तो पुसला गेला, मग तो आदल्या रात्रीपर्यंत एकाच ताटात जेवलेला का असेना. त्या शीवेशिवाय आतली माया इतकी घट्ट होत नसेलही. तरी मला त्या पोराचं वाईट वाटतं. आता तो सत्तरीच्या आसपास असेल, त्याच्याही सदऱ्याला मागून चुण्या पडत असतील.

आज 11 डिसेंबर. मामांच्या पलटणीचा हा मोठा दिवस, टांगाईलचा. 1971 साली याच तारखेला, शनिवारी दिवस कलत असताना, ही पलटण ढाक्याच्या वायव्येला टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. काम एवढंच की लोहाजंग नदीवरचा पूंगलीचा पूल धरायचा आणि उत्तरेकडून, मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याला मागं सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची. कर्नल कुलवंतसिंग पन्नू पलटणीचे प्रमुख होते, पुढं त्यांना महावीर चक्र मिळालं. उतरली होती एका पलटणीएवढी तुकडी, पण परदेशी बातम्यांत तो आकडा पाच हजारांवर गेला. आपल्याकडच्या जनसंपर्कवाल्यांनी वृत्तपत्रांना जो फोटो दिला तो आधीच्या एका मोठ्या सरावाचा होता, त्याचाही या फुगवट्याला हातभार लागला. पाच दिवसांनी, 16 डिसेंबरला, ढाक्यात पहिली शिरली तीही हीच पलटण.

मामा या लढाईत नव्हते. ते तीन वर्षांनी भरती झाले. त्यामुळे टांगाईलवाल्यांच्या पंगतीत सत्तरीला टेकलेले मामा अजूनही 'पोरगं' आहेत. गेल्या वर्षी एका मेळाव्यात नव्वदीच्या घरातल्या एका सुभेदारांनी त्यांना पाण्याचा तांब्या आणायला पिटाळलं होतं, आणि मामा पळत गेले होते. घरात कुणी त्यांना तांब्या आणायला सांगून बघावं.

त्यांनी जे ऐकलं ते त्या वेळच्या एका हवालदाराकडून. उड्या झाल्या, पण सगळे एका जागी कसे पडणार? कुणी ठरल्या जागेपासून लांब पडलं, कुणी पाण्यात, कुणी भाताच्या खाचरात. हिवाळ्यातला दिवस, अंधार लवकर पडला. परका मुलूख, चिखल, हाका मारायची सोय नाही. हा हवालदार एकटाच बांधाच्या कडेनं चालला होता. पलीकडं कुणीतरी चालतंय असं वाटलं म्हणून दबून बसला. तेवढ्यात पलीकडचा खोकला. खोकला ओळखीचा होता. बराकीत रोज रात्री तीन खाटा सोडून ऐकलेला. "खोकल्यावर वळख पटली," मामा सांगतात, "नायतर गोळी घातली असती." असे एक-एक करत माणसं जमली, पूल त्याच संध्याकाळी हातात आला, रात्रभर तिथं हल्ले झाले आणि परतवले गेले.

दुसऱ्या दिवशी, 12 तारखेच्या संध्याकाळी, जमालपूरकडून लढत आलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण, पुलावर त्यांना येऊन मिळाली. बंगालमधल्या एका नदीवर, दोन्ही बाजूंनी मराठी बोलणारी माणसं. इतिहासाच्या पुस्तकात याला 'मिलाप' असा भारदस्त शब्द असेल. तो हवालदार सांगायचा की समोरून आलेल्या गड्याचा पहिला प्रश्न होता, "तंबाखू हाय का रं?" यात खरं किती आणि मीठमसाला किती, कोण तपासणार? मला मात्र ते पटतं.

तो खोकला माझ्या डोक्यात राहिला, कारण तोच धागा मला रोज सकाळी ऐकू येतो. मामांचा फोन सहा वाजता वाजतो. धारा काढून झालेल्या असतात, चुलीवर पाणी असतं.

"सहा बोलतोय."

"सात हाय. काय करालैस?"

"च्या पितोय. गोळी घेतलीस?"

"सकाळची घेतली. रात्रीची राहिली."

"राहिली म्हंजे? कोण उस्ताद येऊन देणार हाय व्हय तुला?"

असंच बोलणं. हवापाणी, उसाची तोड, कुणाच्या नातवाची भरती. मध्येच दोन वर्षांमागं एकदा मामा गप्प झाले, फोन कानाला घट्ट लावला आणि म्हणाले, "परत खोक." पलीकडून काहीतरी चेष्टा आली असावी, कारण मामा चिडले. "चेष्टा न्हाय. परत खोक." मग म्हणाले, "ह्यो तुझा न्हेमीचा न्हवं. छातीचा फोटू काढ. आज." सातांनी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी मामा एसटीनं गडहिंग्लजला गेले आणि त्यांना हाताला धरून माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेले. न्यूमोनिया होता. पंधरा दिवसांत माणूस उठला. त्यांच्या मुलाला, जो त्याच घरात राहतो, खोकला ऐकू आला नव्हता. मुलाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रोजचा खोकला घरात ऐकू येईनासा होतो.

सरकार वर्षातून एकदा पेन्शनवाल्याकडून हयातीचा दाखला मागतं. आपण जिवंत आहोत हे स्वतः जाऊन, अंगठा टेकवून सिद्ध करायचं. आता ते यंत्रावर होतं, आणि नांगर, बैल, खत यांनी झिजलेले अंगठे यंत्राला उमटत नाहीत. नोव्हेंबरात तालुक्याच्या रांगांमध्ये म्हातारे जवान अंगठे पँटला पुसत उभे असतात. सकाळी सहाचा हा फोनही हयातीचाच दाखला, फक्त रोजचा आणि बिनअंगठ्याचा.

याच कागदांच्या जंजाळात मी त्या रांगेचा 'ओके' एकदा प्रत्यक्ष काम करताना बघितला. नऊ नंबरचे सोबती गेले. वहिनींना कुटुंब पेन्शन लागू व्हायला हवं होतं, होईना. मामा आणि सात, मला कागद वाचायला बरोबर घेऊन, त्यांच्या गावी गेले. वहिनींनी फौजेतली ती काळी लोखंडी पेटी पुढं ओढली, जिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, नाव, पलटण लिहिलेलं असतं. आत कांबळं, कांबळ्याच्या घडीत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मी भराभर चाळायला लागले तसं सातांनी माझा हात धरला. "असं न्हाई." त्यांनी एक-एक कागद चादरीवर मांडला आणि बोट ठेवून, ओठ हलवत, अक्षर न् अक्षर वाचलं. नजर, मग बोटं. पाऊण तास गेला. मग बोट एका ओळीवर थांबलं. डिस्चार्ज बुकात वहिनींचं नाव माहेरचं होतं. आधारवर सासरचं. लग्नात नाव बदललेलं, आणि नऊनं ते कधी वर कळवलेलंच नाही. एका बाईच्या दोन नावांत सरकारच्या हिशेबी दोन बायका झाल्या होत्या.

ते दुरुस्त व्हायला आठ महिने गेले. प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, गॅझेट, फोटो, परत प्रतिज्ञापत्र, कारण पहिल्यात एक वेलांटी चुकलेली. सात खेपा झाल्या. एका कचेरीतल्या तरुण कारकुनानं सातांना तोंडावर विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" त्या खिडकीला द्यावं असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्या खिडकीला मुलगा चालतो, जावई चालतो, दीर चालतो. सात म्हणाले, "बरोबर होतो." कारकुनानं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. पुढच्या खेपेला मामा छातीवर मेडलांची पट्टी लावून गेले. मला ते आवडलं नव्हतं, पण काम त्या दिवशी हललं, हेही खरं.

ज्या दिवशी वहिनींच्या खात्यात थकबाकीसकट पैसे आले, त्या दिवशी सहाचा फोन संध्याकाळी आला. मामांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि ठेवला. आम्ही विचारलं, काय झालं? मामा म्हणाले, "नऊ ओके."

मामी भाकरी थापत होत्या. त्यांनी तवा खाली ठेवला.

"नऊच्या बायकूची पाठ बघितलीत, लई चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "माझी कवा बघनार?"

मामा हसायला लागले, पण मामी हसत नव्हत्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा मामा सुट्टीवर महिनाभर आले आणि गेले. पुढची वीसेक वर्षं वर्षातून दोन महिने नवरा आणि दहा महिने मनीऑर्डर. दोन बाळंतपणं, विहिरीचा गाळ, सासऱ्यांचं आजारपण, भावकीतला बांधाचा वाद, सगळं एकटीनं. "तुमच्या मागं सात हुता. माझ्या मागं कोण हुतं?" मामी म्हणाल्या, आणि स्वतःच उत्तर दिलं, "सासूबाई." मग मात्र सगळेच हसलो, आणि विषय भाकरीच्या वाफेत विरून गेला. पण तो विरायला नको होता असं मला अजून वाटतं. या पलटणींच्या सगळ्या कथांमध्ये रांग विमानात सुरू होते आणि दारात संपते. गावाकडे जी दुसरी रांग उभी होती तिला नंबर नव्हते, थाप नव्हती, पंख तर नव्हतेच. मामींना विचारलं तर सांगतात की शेजारच्या आळीत तशाच दोघी होत्या, एकीचा नवरा तोफखान्यात, दुसरीचा सिग्नलमध्ये, आणि तिघी मिळून बाजाराला जायच्या. पत्र एकीला आलं तरी वाचायला तिघी बसायच्या. त्यातली एक अजून आहे. मामी तिला कधी फोन करत नाहीत. सरळ उठून जातात.

आज सकाळी तालुक्याला टांगाईलच्या दिवसाचा मेळावा आहे. हार घालायचे, दोन मिनिटं उभं राहायचं, मग जेवण, आणि जेवणाआधी काय असतं ते मामी सांगतील. सातांचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली आहे. सहाच्या फोनवर त्यावरून बरीच हुज्जत झाली. शेवटी मामांनी दटावलं, "डोळा गेला तर माझी पाठ काय हातानं बघनार?" तेव्हा ते घरी थांबायला तयार झाले.

नऊच्या सुमाराला मामा बाहेर आले. मरून टोपी, मेडलं, कोट. अंगणात मध्यावर थांबले, पाठमोरे, हात बाजूला. मी ओसरीवर पेपर वाचत होते. ते काही बोलले नाहीत, वळूनही बघितलं नाही, नुसते थांबले. मला कळायला जरा वेळ लागला. पेपर ठेवला, चपला शोधल्या, मागे जाऊन उभी राहिले. कोटाची पाठ झटकली. एक केस होता तो काढला. टोपीच्या मागची फीत नीट आत खोवली. सत्तर वर्षांची पाठ, एका बाजूनं थोडी कललेली, हे मी यापूर्वी बघितलं नव्हतं. खांद्याखाली थाप मारली, जरा हळूच, आणि म्हणाले, "ओके."

मामा हलले नाहीत.

"कॉलर बघितली न्हाईस," ते म्हणाले. "परत."